स्कोअर ६४१, घरकर्ज नाकारलं: एजंटला पैसे देण्याआधी अहवाल वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा आकडा) ६४१. घरकर्जाचा अर्ज दोन बँकांनी परत पाठवला. २०२१ मध्ये नोकरी गेल्यावर क्रेडिट कार्डाचं 'सेटलमेंट' केलं होतं, म्हणजे थकलेल्या रकमेपेक्षा कमी भरून खातं मिटवलं होतं, त्यानंतर एकही हप्ता चुकवलेला नाही. आता एक एजंट म्हणतोय की पंधरा हजार द्या, दीड महिन्यात स्कोअर ७५० च्या वर नेतो. आणि पत्नीच्या नावावर आजवर कुठलंच कर्ज नाही, तर अर्ज तिच्या नावाने केला तर चालेल का?

मी बँकेत किरकोळ कर्जांच्या छाननीचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

एजंटचा विषय आधी संपवू. खरी असलेली नोंद तुमच्या कर्जांच्या अहवालातून कोणीही काढू शकत नाही. सिबिललाही तो अधिकार नाही. ज्या बँकेने किंवा वित्त कंपनीने माहिती पाठवली, तीच ती बदलू शकते. ही मंडळी काय करतात? तुमच्या लॉगिनमधून एकामागून एक तक्रारी टाकतात. मग त्या खात्यापुढे 'वादग्रस्त' असा शेरा काही दिवस दिसतो आणि तेवढ्यात तुमच्याकडून पैसे घेऊन मोकळे होतात. तक्रार फेटाळली गेली की अहवाल जिथल्या तिथे. जी तक्रार खरोखर करण्यासारखी असते ती तुम्ही स्वतः फुकट करू शकता. शिवाय पॅन, आधार आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात गेलेले असतात, हे वेगळंच. त्यातून तुमच्याच नावावर नवं कर्ज उभं राहिल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत.

आता स्कोअर. स्कोअर म्हणजे प्रगतिपुस्तकावरची टक्केवारी. ती सुधारायची तर कुठल्या विषयात गेलात ते आधी पाहावं लागतं, आणि नव्वद टक्के अर्जदार फक्त टक्केवारी पाहून येतात. अधिकाऱ्याच्या समोर मात्र पूर्ण अहवाल असतो. ७६० स्कोअरचे अर्ज अहवालातल्या एका ओळीमुळे नाकारले जातात आणि ६९० वाल्यांना कर्ज मिळतं, हे रोजचं आहे.

भारतात अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून 'सिबिल' हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. चौघांचेही स्कोअर ३०० ते ९०० च्या पट्टीवर असतात, पण प्रत्येकाचं सूत्र वेगळं. त्यामुळे एकाकडे ६४१ आणि दुसऱ्याकडे ६७० दिसलं तर घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. दर कॅलेंडर वर्षात प्रत्येक कंपनीने एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्या म्हणजे चार अहवाल. ते कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून काढा. 'फ्री स्कोअर' दाखवणारी ॲप्स स्कोअर दाखवतात खरी, पण त्यांचा धंदा तुम्हाला कर्ज विकण्याचा आहे. आणि हो, स्वतःचा अहवाल कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजून का टिकून आहे कोण जाणे.

इंटरनेटवर '३५ टक्के परतफेड, ३० टक्के थकबाकी, १५ टक्के इतिहास' अशी एक वाटणी फिरत असते. ती अमेरिकेतल्या फिको स्कोअरची आहे. सिबिलचं नेमकं सूत्र जाहीर नाही, आणि तुमच्या कामासाठी ते लागतही नाही. तुमचा पगार, बचत खात्यातली शिल्लक, एफडी, जमीन यांचा स्कोअरशी काही संबंध नाही एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. लाखोंच्या ठेवी असलेल्या माणसाचा स्कोअर ६०० असू शकतो. अहवालात फक्त तुम्ही घेतलेल्या उसनवारीचा हिशेब असतो.

अहवाल हातात आला की सुरुवात पहिल्या पानापासून करा. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. तुम्ही कधीच न राहिलेल्या गावाचा पत्ता दिसला तर दुसऱ्या कोणाचं तरी खातं तुमच्या अहवालात मिसळलं असण्याची शक्यता आहे. सारखं नाव आणि पॅनमध्ये एका अक्षराची चूक एवढं त्याला पुरतं. त्यानंतर प्रत्येक खात्याखाली महिन्यांची चौकट असते, जास्तीत जास्त मागच्या ३६ महिन्यांची. प्रत्येक घरात तीन आकडे. ०००  म्हणजे वेळेवर. ०२७ म्हणजे त्या महिन्यात खातं २७ दिवस थकीत होतं. 'एक्सएक्सएक्स' दिसलं तर दचकू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. आकडा ९० च्या पुढे गेला की बँकेच्या भाषेत ते खातं 'अनुत्पादक' (एनपीए) वर्गात जातं, आणि तिथून अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो.

छाननी करताना आम्ही ही चौकट अलीकडून मागे वाचत जायचो. अडीच वर्षांपूर्वीचे दोन ०३० आणि त्यानंतर सरळ शून्यांची रांग, हा माणूस सावरलेला दिसतो. उलट मागच्या सहा महिन्यांत ००५, ०१२, ००८ असे आकडे विखुरलेले असले तर प्रश्न पडतो की याच्या खात्यात महिनाअखेर पैसे उरत नाहीत का. बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं: हप्त्याची तारीख ५ आणि पगार जमा होतो ७ ला. बँकेत अर्ज देऊन हप्त्याची तारीख पुढे ढकलून घ्या. जमत नसेल तर एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडू द्या. १ ऑगस्ट २०२१ पासून खात्यातून हप्ते आपोआप कापणारी 'एनएसीएच' (नॅच) व्यवस्था रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे 'रविवार आहे, सोमवारी कापतील' हा हिशेब आता चालत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत थोडी सवलत आहे: देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उलटले तरच कार्ड कंपनीने खातं थकीत म्हणून कळवायचं. हप्त्याच्या कर्जाला अशी सवलत धरून चालू नका.

आता तुमचं खरं दुखणं, सेटलमेंट.

समजा कार्डावर ८२,००० थकले होते, वसुलीवाल्यांनी ३५,००० मध्ये मिटवू म्हटलं, तुम्ही भरले आणि पत्र घेतलं. तुमच्या मते विषय संपला. अहवालात मात्र ते खातं 'बंद' असं न दिसता 'सेटल्ड' असं दिसतं, म्हणजे बँकेने ४७,००० वर पाणी सोडलं. घरकर्ज देणाऱ्या नव्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस अडचणीत आला तेव्हा धनकोला पूर्ण पैसे मिळाले नाहीत. अनेक बँकांच्या छाननीच्या यंत्रणेत हा शब्द दिसला की अर्ज तिथेच थांबतो, माणसाच्या टेबलापर्यंत येतच नाही. तुमचे दोन्ही अर्ज याच ओळीवर अडले असणार. नंतर तुम्ही किती नियमित राहिलात याला त्या टप्प्यावर कोणी विचारत नाही. हे योग्य की अयोग्य? मला ते निर्बुद्ध वाटतं. नोकरी जाणं आणि पैसे बुडवण्याची वृत्ती असणं यांत फरक आहे. पण यंत्रणा तो करत नाही.

उपाय आहे, थोडा खर्चिक आहे. ज्या बँकेचं कार्ड होतं तिला लेखी विचारा: सोडून दिलेली रक्कम किती होती, ती आज भरली तर खातं पूर्ण भरून बंद झालं अशी नोंद चारही कंपन्यांकडे पाठवाल का? उत्तर ईमेलवर किंवा बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. फोनवरच्या गोड बोलण्याला इथे किंमत नाही. काही वेळा बँकेने ते थकीत खातं एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं असतं. मग अहवालात तिचं नाव दिसतं आणि व्यवहार तिच्याशीच करावा लागतो. रक्कम भरलीत की थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि त्याची प्रत जन्मभर जपा. यानंतर स्कोअर एका उडीत शंभर गुणांनी वर जाईल अशी आशा धरू नका, कारण २०२१ मधल्या थकबाकीची नोंद खरी आहे आणि ती राहील. पण अर्ज ज्या शब्दावर अडतो तो शब्द बदलेल, आणि घरकर्जासाठी ते जास्त मोलाचं आहे. घराच्या रकमेपुढे ४७,००० ही रक्कम मोठी नाही. एखाद्याने आठ लाखांचं वैयक्तिक कर्ज दोन लाखांत मिटवलं असतं, तर मी त्याला वेगळा सल्ला दिला असता.

'सात वर्षांनी सगळं पुसलं जातं, तोवर थांबा' असंही कोणी सांगेल. पतमाहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असं नियम सांगतो. सात वर्षांनी पुसायचीच असं तो सांगत नाही.

नंतरचं काम कार्डाचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हल्ली नवं कार्ड असेल आणि त्याची लिमिट कमी असेल, कारण सेटलमेंटनंतर मोठी लिमिट कोणी देत नाही. इथे एक गोष्ट भल्याभल्यांना कळत नाही. लिमिट ५०,०००, महिन्याचा खर्च ४०,०००, बिल दर महिन्याला पूर्ण भरता, व्याज एक पैसा नाही. तरी अहवालात तुम्ही लिमिटच्या ८० टक्के वापरणारे दिसता, कारण बँक जी बाकी कळवते ती बहुधा तुम्ही बिल भरण्याआधीची असते. बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाका, बाकी लहान दिसेल. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा ठोकताळा सगळीकडे सांगतात. तो कायदा नाही, पण अंदाज म्हणून बरा आहे. थकीत हप्त्याचा डाग जायला वर्षं लागतात, वापराचा आकडा मात्र दोन-तीन महिन्यांत सुधारतो, म्हणून लवकर फळ हवं असेल तर इथे हात घाला. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवावी लागते. पूर्वी महिनाभर थांबावं लागे, आता बदल लवकर दिसतो.

'मिनिमम ड्यू' (बिलावरची किमान रक्कम) भरला तर चौकटीत ००० येतं, हे खरं. पण उरलेल्या रकमेवरचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतं, आणि बाकी फुगत गेली की वापराचं प्रमाणही फुगतं. एकदा-दोनदा ठीक. सवय लागली तर पुढचं सेटलमेंट तिथेच जन्माला येतं.

जुनं कार्ड बंद करावं का, हा प्रश्न नेहमी येतो. वार्षिक फी नसेल तर राहू द्या, सहा महिन्यांतून एखादी खरेदी करा. फी असेल आणि वापर नसेल तर रीतसर बंद करा. ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. न वापरलेल्या कार्डावर पाचशे रुपये फी लागते, ती भरली जात नाही, त्यावर उशिराचा दंड, दंडावर व्याज, आणि दोन वर्षांनी अहवालात चार आकडी थकबाकी. मी पाहिलेल्या खराब अहवालांतले कितीतरी अशा क्षुल्लक रकमांनी खराब झालेले होते. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, बाकी काही नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं बंधन आहे. उशीर झाला तर कार्ड कंपनीने दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. हा नियम पत्रात लिहिला की काम पटकन होतं.

अर्जांचा सपाटा थांबवा. प्रत्येक अर्जागणिक बँक तुमचा अहवाल काढते आणि त्याची नोंद 'चौकशी' म्हणून मागे राहते. दोन बँकांनी नाकारल्यावर माणूस घाबरून तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर जातो, एक अर्ज भरतो आणि तिथून पाच जण त्याचा अहवाल काढतात. तिसऱ्या बँकेतल्या अधिकाऱ्याला मग पंधरा दिवसांतल्या सात चौकशा दिसतात आणि एकही नवं कर्ज दिसत नाही. म्हणजे सगळ्यांनी नाही म्हटलं. सेटलमेंटचं काम होईपर्यंत कुठेही अर्ज करू नका, 'प्री-अप्रूव्हड' मेसेजवर सहज म्हणूनसुद्धा बोट लावू नका. 'आता घ्या, नंतर द्या' वाल्या छोट्या सोयीही बहुतेक वेळा कर्ज म्हणूनच नोंदल्या जातात. दीड हजाराच्या बुटांसाठी अहवालात एक खातं उघडू नका. आणि स्कोअर सुधारण्यासाठी म्हणून कर्ज काढायचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या.

मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहिला आहात का, हेही आठवा. ते कर्ज तुमच्याही अहवालात येतं. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. 'मी फक्त सही केली' हे वाक्य छाननीत कामाला येत नाही. सोनेतारण कर्जाचंही तपासा. मुदत संपली, नूतनीकरण राहिलं, दागिने बँकेत सुरक्षित म्हणून माणूस निवांत असतो आणि इकडे अहवालात थकीत दिवस मोजले जात असतात.

अहवालात खरोखर चूक सापडली तर, म्हणजे फेडलेलं कर्ज चालू दिसतंय किंवा तुमचं नसलेलं खातं आहे, तर त्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पुराव्यासह ईमेल करा. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे. उशीर झाला तर २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तिची रक्कम फार नसते, पण भरपाईची वेळ आली तर बँकेतल्या त्या विभागाला वर उत्तर द्यावं लागतं, म्हणून फाइल हलते. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत.

पत्नीच्या नावाने अर्ज. त्यांना स्वतःचं उत्पन्न आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. उत्पन्न नसेल तर कोरा अहवाल असून उपयोग नाही, कारण हप्ता कोण भरणार हा पहिला प्रश्न आहे. उत्पन्न असेल तर अहवालात स्कोअरच्या जागी उणे १ किंवा 'एनएच' दिसेल. ते वाईट नाही, इतिहास नाही एवढंच ते सांगतं. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे आणि अर्थ मंत्रालयाने ते २०२५ मध्ये संसदेतही स्पष्ट केलं. पण तुम्हाला सहअर्जदार केलं की बँक दोघांचे अहवाल काढणार आणि तुमची 'सेटल्ड'ची ओळ पुन्हा समोर येणार. तुम्हाला बाहेर ठेवलं तर कर्ज फक्त त्यांच्या पगारावर बसेल तेवढंच मिळेल. माझ्या मते घाई नसेल तर आताच त्यांच्या नावाने छोट्या एफडीवर मिळणारं कार्ड घ्या, किराणा-वीजबिल त्यावर भरा, दर महिन्याला पूर्ण फेडा. साधारण सहा महिन्यांत त्यांचाही स्कोअर तयार होतो.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. घरकर्जाचे बदलते दर ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाह्य दराशी जोडलेले असतात आणि त्यावर बँक जोखमीप्रमाणे भर घालते. बऱ्याच बँका तो भर स्कोअरच्या टप्प्यांनुसार ठरवतात. ३० लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २६,०३५ आणि नऊ टक्क्यांनी सुमारे २६,९९२. अर्ध्या टक्क्याचा फरक पूर्ण मुदतीत जवळपास २ लाख ३० हजार होतो. सेटलमेंटची उरलेली रक्कम भरायला जीव कचरत असेल तर हा आकडा बाजूला ठेवून पाहा.

मुदतीचा अंदाज हवा असेल तर: बँकेशी पत्रव्यवहार आणि नोंद बदलणं यात दोन-तीन महिने जातील. कार्डाचा वापर त्याच काळात खाली येईल. नंतर निदान सहा महिने काहीही नवं न करता शांत राहा. मग अहवाल पुन्हा काढा आणि शक्यतो जिथे पगार जमा होतो त्या बँकेत जा, कारण तुमचे व्यवहार तिला आधीच दिसतात. अर्ज ऑनलाइन भरू नका, शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याला भेटा. अहवाल काढण्याआधीच त्यांना एक पानी पत्र द्या: २०२१ मध्ये नोकरी अमुक तारखेला गेली, अमुक तारखेला नवी लागली, उरलेली रक्कम भरली, हा दाखला. सोबत नोकरी सुटल्याचं पत्र आणि नव्या नोकरीचं नियुक्तिपत्र जोडा. अपवाद म्हणून वर शिफारस पाठवायची तर अधिकाऱ्याला फाइलमध्ये लावायला कागद लागतो, आणि तो बहुतेक अर्जदार देतच नाहीत.